माणसं फार की हिशेब कच्चा?

नळाला आठ-दहा दिवस पाणी आलं नाही की कट्ट्यावर निकाल ठरलेला असतो : "माणसंच फार झाली हो!" पाणी, घर, बाग या तिन्ही खटल्यांत आरोपी एकच, वाढती लोकसंख्या. आरोप सोयीचा आहे, कारण त्यात कुणालाच जाब द्यावा लागत नाही.

तो अगदीच खोटा नाही. २००१ ते २०११ या काळात बुलढाणा जिल्हा २२ लाख ३२ हजारांवरून २५ लाख ८६ हजारांवर गेला. वाढलेल्या साडेतीन लाखांना हंडाही लागतो आणि छप्परही.

पण म्हणून पाणी पुरत नाही? माणशी रोज १३५ लिटर हे शहरी माप साऱ्या जिल्ह्याला लावा. वर्षाला सुमारे १२ कोटी ७४ लाख घनमीटर पाणी लागेल. पाऊस ७०० मिलिमीटर धरला, तर एवढं पाणी १८२ चौरस किलोमीटरवर पडतं. जिल्हा आहे ९,६६१ चौरस किलोमीटरचा. शंभरातले दोन थेंबही लागत नाहीत. बरंचसं उडून जाईल, मुरेल, शेतीला लागेल हे कबूल. तरी हंडा रिकामा राहिल्याचा दोष पाळण्याच्या माथी मारता येत नाही. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारट असलेल्या संग्रामपूर, जळगाव जामोदकडे तर विहिरीत पाणी असून घसा कोरडा. घरातली माणसं कमी झाल्यानं ते पाणी गोड होणार आहे का?

आता घरं आणि हिरवळ. त्याच दशकात बुलढाणा शहर ६२,९७२ वरून ६७,४३१ वर गेलं. वाढ जेमतेम सात टक्के, जिल्ह्याच्या निम्मीही नाही. मग शहर पसरलं कुठे? हद्दीबाहेर, शेजारच्या सुंदरखेड-सागवन गावांच्या शिवारात. शेताचे प्लॉट पडले. नळयोजना, गटार, बाग मात्र हद्दीच्या रेषेवरच अडली.

"जन्म आवरा" म्हणणाऱ्यांनी एवढं तरी पाहावं : २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्राचा प्रजनन दर (बाईमागे सरासरी मुलं) १.७ निघाला, लोकसंख्या स्थिर राखणाऱ्या २.१ च्याही खाली. सुचवलेलं औषध घराघरानं केव्हाच घेतलं आहे.

मग करायचं काय? उत्तर जिल्ह्यातच आहे. सिंदखेडराजाचा मोती तलाव तिथल्या जाधव घराण्याच्या काळापासून पावसाचं पाणी धरून आहे. अलीकडचा 'बुलढाणा पॅटर्न' म्हणजे तलाव-नाले खोल करायचे आणि निघालेला मुरूम-माती महामार्गाला वापरायची. एका खोदकामात रस्ताही झाला आणि साठाही वाढला. हीच अक्कल शहराला लावा. नगररचनेत शेजारची गावं धरा. पाण्याची सोय दाखवल्याशिवाय ले-आऊट मंजूर करू नका. आणि नकाशावर सोडलेली ओपन स्पेस जमिनीवर शोधून तिथं झाडं लावा.

पुढच्या वेळी कट्ट्यावर कुणी "माणसं फार झाली" म्हणालं, तर वाद घालू नका. एवढंच विचारा : तुमच्या ले-आऊटमधली ओपन स्पेस कुठे आहे हो?