पाय वाचला, आता फाईल जपा!

मुलाच्या गुडघ्याजवळ हाडाचा कर्करोग आहे असं कळलं, की आई-बाबांचा पहिला प्रश्न असतो: पाय कापावा लागेल का? आता बऱ्याच मुलांचा पाय वाचवता येतो. गाठ असलेलं हाड काढून तिथे धातूचं कृत्रिम हाड आणि सांधा बसवतात.

लखनौत केजीएमयू, एसजीपीजीआयसारखी मोठी रुग्णालयं आहेत. तरीही उत्तर प्रदेशातली अनेक कुटुंबं उपचारासाठी मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलला येतात. ऑपरेशन मुंबईत झालं आणि पुढचं स्कॅनिंग गावाकडे करायचं ठरलं, की खरी परीक्षा सुरू होते.

कारण धातू फोटो बिघडवतो. सीटी स्कॅनमध्ये त्याच्याभोवती काळे-पांढरे पट्टे उमटतात. एमआरआयमध्ये तिथे काळा डाग दिसतो. नेमकी गाठ पुन्हा आली का, पू झाला का, हे बघायची जागा झाकली जाते. त्यामुळे धातूजवळचा भाग नीट दिसला नसेल, तर ‘काही आढळलं नाही’ एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. धातूचा त्रास कमी करणाऱ्या खास पद्धती असतात, त्या वापरता येतील का, हे विचारा. मऊ भागातली गाठ किंवा साचलेलं पाणी बघायला सोनोग्राफीही उपयोगी पडते.

साधा एक्स-रे मात्र फार कामाचा. हाड आणि धातू यांच्यामधली काळी रेघ रुंदावत गेली, तर इम्प्लांट सैल झाल्याची शंका येते. पण ती रुंदावली हे कळायला जुना एक्स-रे शेजारी हवा ना!

म्हणून एवढं लक्षात ठेवा:

• ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे आणि इम्प्लांटचं कार्ड जपा. मोबाईलमध्येही फोटो ठेवा.

• वाढत्या मुलांना लांबवता येणारं इम्प्लांट बसवतात. काहींच्या आत चुंबक असतं. अशा वेळी सर्जनना विचारल्याशिवाय एमआरआय करू नका.

• हा कर्करोग पसरला तर बहुतेकदा फुफ्फुसात जातो. पाय ठणठणीत वाटला, तरी छातीची तपासणी चुकवू नका.

• नवीन दुखणं, सूज, ताप किंवा लंगडणं दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

मूल पुन्हा धावू लागलं, की ती जाड फाईल माळ्यावर टाकावीशी वाटते. टाकू नका. पुढच्या डॉक्टरांना तुमच्या मुलाचा पाय त्या फाईलमधूनच नीट दिसणार आहे.