शब्दांची टाकसाळ कोणाच्या हाती?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा महाराष्ट्रात समाधान व्यक्त झाले आणि ते साहजिकच होते. पण अभिजातपणा हा भाषेच्या भूतकाळाला मिळालेला मान आहे. भाषेच्या भवितव्याची कसोटी निराळी असते. नवी वस्तू, नवे यंत्र आणि माणसामाणसांतील नवे आर्थिक नाते यांना ती भाषा स्वतः नाव देऊ शकते काय, ही ती कसोटी होय. या कसोटीवर मराठीचे काय होते हे पाहावयाचे, तर ज्या क्षेत्रात गेल्या पाऊणशे वर्षांत शब्दांचे सर्वांत मोठे पीक आले, त्या संगणकाच्या क्षेत्राकडे वळावे लागेल.

इंग्रजीत हे शब्द कसे तयार झाले? कोणी विद्वत्समिती बसली आणि तिने कोश सिद्ध केला, असे घडलेले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘कॉम्प्युटर’ या शब्दाचा अर्थ आकडेमोड करणारा माणूस असा होता. वेधशाळांतून आणि लष्करी कचेऱ्यांतून अशी माणसे पगारावर काम करीत, आणि त्यांत पुष्कळशा स्त्रिया होत्या. माणसाचे काम यंत्राकडे गेले, तसे त्याचे नावही यंत्राकडे गेले. ‘बायनरी डिजिट’ हे दोन शब्द पुनःपुन्हा उच्चारण्याचा कंटाळा येऊन जॉन ट्युकी या गणितज्ञाने ‘बिट’ हा शब्द केला, आणि १९४८ साली क्लॉड शॅनन याच्या निबंधातून तो जगापुढे आला. ‘मोडेम’ आणि ‘पिक्सेल’ हेही असेच दोन शब्दांची डोकी छाटून जोडलेले. खिडकी, उंदीर, ढग, विषाणू असे घरगुती वापरातले शब्द नव्या अर्थाने कामाला जुंपले गेले ते वेगळेच.

उसनवारीचाही इंग्रजीने कधी विटाळ मानला नाही. ‘अल्गोरिदम’ या शब्दात नवव्या शतकातील अल-ख्वारिज्मी या गणितज्ञाचे नाव दडलेले आहे. भारतीय अंकांची रीत त्याच्याच ग्रंथातून पश्चिमेकडे गेली. संगणकावरील खेळांतून १९८० नंतर रूढ झालेला ‘अवतार’ तर आपल्याच घरचा. आणि ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून आला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराकडे करावी लागणारी वेठ. आजच्या सर्वांत आधुनिक यंत्राच्या नावात असा वेठबिगारीचा इतिहास आहे.

या सर्व उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. जेथे काम चालते तेथे शब्द जन्मतो. ज्यांना एखाद्या गोष्टीविषयी दिवसातून पन्नास वेळा बोलावे लागते, ते तिला नाव दिल्याशिवाय राहू शकत नाहीत. व्याकरणाची शुद्धाशुद्धता मागाहून येते.

मराठीत नव्या शब्दांचा वाद मात्र बहुधा शुद्धाशुद्धतेपासूनच सुरू होतो. शिवकालात रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. तरी ‘अर्ज’, ‘वकील’, ‘फिर्याद’, ‘जमीन’ हे शब्द लोकांच्या तोंडी राहिले ते राहिलेच. पुढे सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. त्यांच्या राजकारणाशी समाजवाद्यांचे जुळणे शक्य नसले, तरी ‘महापौर’ आणि ‘दिग्दर्शक’ हे त्यांचे शब्द आज त्यांचे विरोधकही बिनदिक्कत वापरतात. १९६० साली राज्याचे भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्याने पदनाम कोश काढला, तेव्हा ‘बदनाम कोश’ म्हणून त्याची टवाळी झाली. परंतु ‘जिल्हाधिकारी’, ‘संचालक’, ‘गटविकास अधिकारी’ हे शब्द आज खेड्यातील निरक्षर म्हातारीलाही परके वाटत नाहीत.

मग याच संचालनालयाचे शास्त्रीय परिभाषाकोश कपाटात का राहिले? संस्कृतप्रचुरता हे कारण पुरेसे नाही; ‘जिल्हाधिकारी’ हाही संस्कृत धाटणीचाच शब्द आहे. खरे कारण असे की, जिल्हा कचेरीचे काम मराठीत होऊ लागले आणि प्रयोगशाळेचे झाले नाही. उताऱ्यासाठी, दाखल्यासाठी, तगाईसाठी लोकांना त्या कचेरीची पायरी चढावी लागली, आणि पायरी चढता चढता शब्द अंगवळणी पडला. विज्ञान मात्र महाविद्यालयात इंग्रजीतूनच शिकविले गेले. ज्या नाण्याने कोणी बाजारहाट करीत नाही, ते कितीही शुद्ध धातूचे असले तरी चलन होत नाही.

पुणे शहर हे या विसंगतीचे ठळक उदाहरण आहे. येथे १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ साली तिने ‘परम’ हा महासंगणक उभा केला. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याच्या कामातही या संस्थेचा मोठा वाटा आहे. आज हिंजवडीच्या कचेऱ्यांतून हजारो मराठी तरुण संगणकाच्या आज्ञावल्या लिहितात. तरीही संगणकशास्त्राला मराठीचा असा शब्द या नगरीतून क्वचितच मिळाला. बुद्धी येथे आहे, श्रम येथे आहेत. पण काय बनवावयाचे हा निर्णय आणि त्याची मालकी दूर देशी आहे. कच्चा माल येथून जावा आणि पक्का माल तिकडून यावा, हा दादाभाई नौरोजींच्या पिढीने ओळखलेला व्यवहार शब्दांच्या बाबतीतही चालू आहे.

मराठी माणसाची शब्द घडविण्याची शक्ती आटली आहे, असे मात्र समजू नये. फोनचा दर परवडत नव्हता तेव्हा या देशातील गरिबाने एकदा घंटी वाजवून फोन बंद करण्याची युक्ती काढली आणि ‘मिस्ड कॉल देणे’ ही क्रिया जन्माला आली. चुकून राहून गेलेली गोष्ट ‘देता’ येते, हे मूळ इंग्रजीला सुचले नव्हते. ते टंचाईने सुचविले. ऊसतोडीच्या फडात तर ‘उचल’, ‘मुकादम’, ‘टोळी’, ‘खाडा’ अशी संपूर्ण अर्थव्यवस्थेची परिभाषाच तयार आहे. तेथे नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात.

‘कोयता’ हा शब्द ऐकून थोडे थांबले पाहिजे. दोन जिवंत माणसे हिशेबाच्या वहीत एका हत्याराच्या नावाने मांडली जातात. हिंजवडीतील वातानुकूलित कचेरीत अभियंत्याला ‘रिसोर्स’ म्हणतात आणि हाती काम नसेल तेव्हा तो ‘बेंचवर’ असतो. फड आणि कचेरी यांच्यातील मिळकतीचे अंतर फार मोठे आहे. परंतु माणसाला साधनाचे नाव देण्याची रीत एकच आहे. काम जेथे चालते तेथे शब्द जन्मतो हे खरे. पण नाव ठेवण्याचा अधिकार काम करणाऱ्याचा की काम घेणाऱ्याचा, यावर त्या शब्दाचा गुण ठरतो.

याचे सर्वांत ताजे उदाहरण पुण्याच्या प्रत्येक चौकात पाठीवर चौकोनी पेटी घेऊन दुचाकीवर उभे असते. घरोघर अन्न पोहोचविणाऱ्या या तरुणाला कंपन्यांच्या भाषेत ‘पार्टनर’, म्हणजे भागीदार, असे नाव आहे. १९३२ च्या भारतीय भागीदारी अधिनियमानुसार भागीदार तो, जो नफ्यात वाटेकरी असतो. पेढीच्या वह्या पाहण्याचा आणि त्यांची नक्कल घेण्याचा त्याला हक्क असतो. या तरुणाला नफ्यात वाटा नाही. आजचा दर कालच्यापेक्षा कमी का झाला, हे ज्या गणिती सूत्राने ठरते ते सूत्र पाहण्याची त्याला सोय नाही. तो भागीदार नव्हे, आणि कामगार म्हणून त्याची नोंद नाही. एका शब्दाने मालकाची जबाबदारी नाहीशी केली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग वर्कर’ हा शब्द कायद्यात आणला, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. परंतु तिच्यातील व्याख्याच अशी की, पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेर राहून कमावणारा तो गिग वर्कर. ‘गिग’ हा वादकांच्या बोलीतला, एका रात्रीच्या मैफलीसाठीचा शब्द. रोज दहा-बारा तास राबणाऱ्याच्या श्रमाला मैफल म्हणावे, ही थट्टा आहे.

याउलट एक शब्द महाराष्ट्राने स्वतः घडविला आहे. डोक्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. बाजारपेठेत, गोदीत, गोदामात हा शब्द श्रमिकांच्याच तोंडी वाढला. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले, पुण्यात १९५० च्या दशकात बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. त्या कायद्याच्या इंग्रजी मसुद्यातही ‘माथाडी’ हा शब्द तसाच ठेवावा लागला. त्या एका शब्दामागून मंडळे आली. हमालाचा ठरावीक असा एक मालक नसतानाही मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही व्यापाऱ्याने मंडळात भरावयाची, आणि तीतून हमालाला भविष्यनिर्वाह निधी व इतर लाभ द्यावयाचे, ही रीत बसली. पुण्यातच १९९३ साली कचरा वेचणाऱ्या स्त्रियांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ हे नाव घेतले. ज्यांना लोक नाक मुरडून हाक मारीत, त्यांनी आपली ओळख ‘कष्टकरी’ अशी सांगितली. पुढे महानगरपालिकेशी बोलणी करताना हीच ओळख त्यांचे बळ ठरली.

तेव्हा प्रश्न इंग्रजी शब्द घ्यावा की संस्कृत घडवावा, हा नाही. ‘माउस’ला उंदीर म्हटल्याने किंवा न म्हटल्याने कोणाच्या ताटातील भाकरी कमी होत नाही, ‘पार्टनर’ म्हटल्याने मात्र होते. राजस्थानने २०२३ साली अशा कामगारांसाठी कायदा करून प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्काची तरतूद केली. ही कल्पना माथाडी कायद्याची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. ज्या महाराष्ट्राने अर्ध्या शतकापूर्वी वाट दाखविली, त्याने आपल्याच अनुभवाचा उपयोग करून दुचाकीवरील या श्रमिकांना माथाडींसारखे मंडळ आणि संरक्षण द्यावे. त्याचबरोबर, २०२१ पासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्याची जी मुभा मिळाली आहे, तिचा विद्यापीठांनी मनापासून उपयोग करावा. कारण मराठीत काम सुरू झाले की शब्दांची काळजी कोणत्याही समितीला करावी लागणार नाही.

आणि त्या तरुणाला काय म्हणावे, हे त्यालाच ठरवू द्यावे. तो संघटित होईल तेव्हा त्याचा शब्द त्याला सापडेलच. माथाडीला तो सापडला होता.