फावडे आणि प्रार्थना

2021 च्या 31 ऑगस्टला पहाटे तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या चाळीसगावात शिरल्या. रात्रभर डोंगरात कोसळलेल्या पावसाने कन्नड घाटात दरडी खाली आल्या, वाहने अडकून पडली आणि काठाकाठच्या गावांतून शेकडो गुरे वाहून गेली. बातमी दोन दिवस वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर राहिली. मग पाणी ओसरले, बातमीही ओसरली आणि मागे राहिला तो गाळ.

त्याच आठवड्यात धुळ्यातल्या एका मंडळीचा तरुण संघ टेम्पो घेऊन मदतीला निघाला. प्रस्तुत लेखक त्यांच्यासोबत होता. बारा-तेरा मुले, त्यांत चार मुली. रविवारच्या उपासनेनंतर जमलेले पैसे, बिस्किटांचे पुडे आणि जुन्या कपड्यांची गाठोडी. पाळकसाहेबांनी निघताना प्रार्थना केली. उत्साह एवढा, की फावडे कोणाच्या लक्षातच आले नाही.

नदीकाठच्या एका गल्लीत पहिले गाठोडे सुटले, तेव्हा ओट्यावर बसलेल्या म्हातारीने त्याकडे पाहिलेदेखील नाही. ती म्हणाली, "भाऊ, कपडा ऱ्हाऊ द्या, चिखल काढाले हात लावा." घरात गुडघाभर गाळ, त्यात भिजून फुगलेले धान्य आणि त्याचा आंबूस वास. मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. शेवटी शेजारच्या गणेश मंडळाच्या पोरांकडून दोन फावडी आणि चार घमेली उसनी आणली. गणपती आठ-दहा दिवसांवर आलेले, पण मांडवाचे काम थांबलेले. संध्याकाळपर्यंत साडेतीन घरे रिकामी झाली. साडेतीनच. चौथ्या घरात अंधार पडला.

एवढ्याने काय होते, असे कोणी विचारील. विचारलेच पाहिजे. टेम्पोचे भाडे आणि डिझेल धरले, तर तेवढ्या पैशांत गावातलेच मजूर लावून अधिक घरे साफ झाली असती, हा हिशेब मी परतीच्या वाटेवर मांडला होता. तो चुकीचा नव्हता. पण त्या आठवड्यात गावात मजूर मिळतच नव्हते. ज्याची त्याची स्वतःचीच घरे चिखलात होती. शिवाय गाळ वाळला की कुदळीशिवाय निघत नाही. पहिल्या चार-पाच दिवसांत साधे हात लागतात, पुष्कळ हात, आणि ते साठ किलोमीटरच्या आतले असतील तरच वेळेवर पोचतात. जवळचा माणूस कमी शिकलेला असला तरी चालतो, एवढाच याचा अर्थ.

आपत्ती दूरची असली की गणित बदलते. 1993 च्या 30 सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हादरली आणि लातूर-उस्मानाबादेत सरकारी आकड्यानुसार आठ हजारांच्या घरात माणसे गेली. साऱ्या महाराष्ट्रातून ट्रक निघाले. जाड दगडी भिंती, मातीचा गिलावा आणि वर मातीचा जड थर, अशी ती घरे झोपलेल्या माणसांवर बसली. (खानदेशातली धाब्याची घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही रचना परकी नाही.) तिथे आठवडाभराने पोचलेल्या हौशी स्वयंसेवकाला करण्याजोगे काम थोडे आणि त्याच्या जेवणाखाणाचा, पाण्याचा भार मात्र गावावर. 52 गावे नव्या जागी वसवण्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालले. त्याला लागले ते अभियंते, गवंडी आणि तळ ठोकून राहणाऱ्या संस्था. पुढे 2001 मध्ये भूजच्या भूकंपानंतर तर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. आपल्या कपाटातली अडचण म्हणजे दुसऱ्याची गरज, हा समज काही केल्या जात नाही.

आता अवघड प्रश्नाकडे येऊ. चर्चची मुले आली की गावात कुजबुज होतेच : ही मदत की धर्मप्रचार? चाळीसगावातही एकाने विचारले, "जिभाऊ, ही मिशनवाली मंडळी ना?" प्रश्न जुना आहे. पुण्यात पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून 1893 मध्ये हाच वाद पेटला आणि रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यानंतरच्या दुष्काळांत रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून शेकडो निराधार मुली आणून केडगावला सांभाळल्या. त्या मुली वाचल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ ख्रिस्ती झाल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी लपवणारे दोन्ही बाजूंना भेटतात.

रेडक्रॉस आणि इतर मदतसंस्थांनी 1994 मध्ये आचारसंहिता केली. मदत गरजेप्रमाणे द्यावी, जात-धर्म पाहून नव्हे. आणि ती कोणत्याही राजकीय वा धार्मिक मताच्या प्रसारासाठी वापरू नये, असे तिचे म्हणणे. ते चर्चला लागू आहे, तसेच ट्रकवर आपापला फलक लावून फिरणाऱ्या बाकीच्यांनाही. पुरात अडकलेल्या माणसाला हातात पुस्तिका किंवा पुढाऱ्याचा फोटो छापलेली पिशवी देणे, दोन्ही सारखेच. तो नको म्हणू शकत नाही, हीच त्यातली गोम.

धुळ्याच्या त्या संघात यावर आधीच वाद झाला होता. एक मुलगी म्हणाली, "मी ज्याच्यामुळे आले, त्याचं नावच घ्यायचं नाही का?" पाळकसाहेबांनी सांगितले, की प्रार्थना निघण्यापूर्वी आणि परतल्यावर, आपल्या आवारात, तिथे कोणी विचारले तर खरे उत्तर द्यायचे आणि पुन्हा घमेले उचलायचे. तिला ते पूर्ण पटलेले दिसले नाही. तिचा प्रश्न प्रामाणिक होता, आणि पाळकसाहेबांचा नियम मला तरी योग्य वाटतो.

सरकारने 'आपदा मित्र' योजना 2021 मध्ये 350 जिल्ह्यांत, एक लाख स्वयंसेवकांसाठी वाढवली. बारा दिवसांचे शिक्षण : दोरखंड, प्रथमोपचार, पाण्यातून माणूस काढणे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडीही धुळ्यातच असते. पण जीव वाचवणे वेगळे आणि घर पुन्हा राहण्याजोगे करणे वेगळे; दुसऱ्या कामासाठी तहसील कचेरीत नावांची यादी तरी असावी. कोणत्या मंडळात, कोणत्या मशिदीत, कोणत्या चर्चमध्ये किती माणसे आणि किती फावडी आहेत, हे पावसाळ्यापूर्वी एका कागदावर येण्यासारखे आहे. त्याला निधी लागत नाही.

त्या संघाने परतल्यावर उरलेल्या पैशांतून वीस फावडी, दहा घमेली आणि रबरी बूट घेतले. ते चर्चच्या मागच्या खोलीत, नाताळच्या ताऱ्याशेजारी ठेवले आहेत. गाठोडी मात्र परत आणावी लागली होती. ती कोणाला द्यायची, यावर पुढच्या बैठकीत पुन्हा वाद झाला.