गोळी आज घेतली की काल?

सकाळी आठच्या सुमारास आमच्या घरात हा सवाल रोज उठतो. अम्मी ७४ वर्षांच्या आहेत. चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नात कोणी कोणत्या रंगाचा शरारा घातला होता हे त्या आजही सांगतील, पण ब्लडप्रेशरची गोळी आज घेतली की ती कालची आठवण आहे, इथे त्या अडतात. एकदा गोळी दोनदा घेतली गेली. दुपारी चक्कर आली आणि आम्ही त्यांच्यावर ओरडलो. ते अजून सलते.

त्याच आठवड्यात नववीच्या वर्गात चेतासंस्था शिकवताना आम्ही सवयीने बोलून गेलो, "मेंदूत नव्या चेतापेशी मोठेपणी तयार होत नाहीत." वीस वर्षे हेच सांगत आलो आहोत. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "हे कोणी बघितलं?" प्रश्न उद्धट नव्हता, रास्त होता. आमच्याकडे उत्तर नव्हते.

शोधले तेव्हा कळले की हे मत विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे. स्पेनचे थोर शास्त्रज्ञ काहाल यांनी ते मांडले आणि मोठ्या माणसाचा शब्द म्हणून ते टिकले. १९६५ मध्ये अमेरिकेत जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी वाढ झालेल्या उंदरांच्या मेंदूत नव्या चेतापेशी दिसतात असे प्रसिद्ध केले. फारसे कोणी मनावर घेतले नाही.

माणसाचे काय? जिवंत माणसाचा मेंदू कापून तर बघता येत नाही. स्वीडनमध्ये काही कर्करुग्णांना गाठ किती वेगाने वाढते हे पाहण्यासाठी एक रसायन टोचले होते. विभागणाऱ्या पेशीच्या डीएनएत ते जाऊन बसते. त्यांतील पाच जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, तेव्हा हिप्पोकॅम्पस या आठवणींशी निगडित भागात त्या खुणेच्या चेतापेशी सापडल्या. ही गोष्ट १९९८ ची. मरणाच्या दारात असलेल्या त्या पाच जणांचे जगावर केवढे उपकार!

पुढची युक्ती त्याहून अजब. १९६३ च्या करारापर्यंत मोठ्या देशांनी उघड्या हवेत अणुबाँबच्या चाचण्या केल्या. त्यामुळे हवेतला कार्बन-१४ खूप वाढला आणि नंतर वर्षागणिक कमी होत गेला. हवेतून तो पिकांत, पिकांतून आपल्या ताटात, ताटातून नव्या पेशींच्या डीएनएत आला. म्हणजे पेशीत तो किती आहे हे मोजले की तिच्या जन्माच्या सालाचा अंदाज येतो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेने २०१३ मध्ये या हिशेबाने सांगितले की मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे ७०० नव्या चेतापेशी जन्मतात. माणसाने बाँब कशाला फोडला आणि उपयोग कुठे झाला!

इथेच कहाणी संपत नाही. २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका गटाला मोठ्या माणसांत अशा पेशी मुळीच दिसल्या नाहीत. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गटाला ७९ व्या वर्षापर्यंत दिसल्या. मृत्यूनंतर मेंदू किती लवकर आणि कसा जतन केला यावर खुणा दिसणे अवलंबून असते, हे भांडणाचे एक मूळ. २०२५ मध्ये कॅरोलिन्स्काच्याच गटाला मोठ्या माणसांत या चेतापेशी घडवणाऱ्या, विभागणाऱ्या पेशी सापडल्या. काही मेंदूंत त्या भरपूर होत्या, काहींत जवळपास नव्हत्याच.

या पेशींचे काम काय, ते वाचून मात्र आम्ही थबकलो. उंदरांत त्यांची निर्मिती थांबवली, तर त्यांना दूरदूरच्या दोन जागा ओळखता येतात. जवळजवळच्या जागांत गोंधळ होतो. एकसारख्या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवणे, हे त्यांचे एक काम दिसते. कालची गोळी आणि आजची गोळी!

पण उंदरावरून अम्मींचे निदान करायला आम्ही डॉक्टर नाही. डॉक्टरांनी झोप, ऐकणे, थायरॉइड, बी-१२ सगळे विचारले, तपासले. बी-१२ कमी निघाले. चाकात धावणाऱ्या उंदरांत नव्या पेशी वाढतात हेही खरे, म्हणून अम्मी असरनंतर आमच्या धाकटीचा हात धरून कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात. पेशी वाढोत न वाढोत, साखर आणि गुडघे तरी खूश आहेत. "मेंदूच्या पेशी वाढवणारे" म्हणून विकले जाणारे चूर्ण एका नातेवाइकांनी आणले होते, ते आम्ही कपाटातच ठेवले. सात झाकणांची गोळ्यांची डबी मात्र आणली. सोमवारचे खण रिकामे असले की सवाल मिटतो. अम्मी म्हणतात, "हे आधी का नाही सुचलं तुम्हा शिकलेल्यांना?"

वर्गात आम्ही आमचे वाक्य दुरुस्त केले. वाद अजून चालू आहे, तोही सांगितला. त्या मुलीने वहीत सगळे उतरवले आणि हात वर केला, "मग पेपरात काय लिहू?"

आमच्या पेपरात हेच लिही, गुण देऊ, असे आम्ही म्हणालो. पण पुढच्या वर्षी ती दहावीला बसेल, आणि तिचा पेपर आमच्याकडे येणार नाही.