दाभोळ खाडीला नुसतं ऊन पुरणार नाही

खेड तालुक्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी प्रक्रियेनंतर दाभोळ खाडीकडे जातं. मासे मरतात, ही खाडीकाठच्या भोई समाजाची तक्रार जुनीच आहे. कोकणातलं कडक ऊन हे पाणी साफ करील का?

थोडंफार करतं. उन्हातले अतिनील किरण काही रसायनांचे बंध थेट तोडतात. कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा पाण्यात उतरलेला तांबूस अंशही ऊन शोषतो आणि ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार करतो. ती प्रदूषकांवर तुटून पडतात. स्वित्झर्लंडच्या ग्रायफेन्झे सरोवरात डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक उन्हाने झपाट्याने विघटित होतं, हे १९९८ साली दिसून आलं.

पण गढूळ पाण्यात हे किरण खोल शिरत नाहीत. पावसाळ्यात तर आभाळ भरलेलं आणि खाडीला मिळणारी वाशिष्ठी नदी गाळाने लाल! पारा, शिसं ही मूलद्रव्यंच. ती उन्हाने संपत नाहीत. साबणात वापरल्या गेलेल्या ट्रायक्लोसानपासून तर उन्हात डायॉक्सिन वर्गातली रसायनं बनतात.

तेव्हा उन्हाच्या भरवशावर कुणालाही सूट नको. खाडीत सुटणाऱ्या पाण्याच्या तपासणीचे आकडे दर आठवड्याला, मराठीत, दाभोळच्या जेटीवर फलकावर लावा.