लाल सिग्नल कुणासाठी?

रेल्वेची सुरक्षा म्हटलं की साहेब लोक यंत्र दाखवतात. 'कवच' दाखवतात, इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग दाखवतात. माझं यंत्राशी वैर नाही. सिग्नलचा मूळ कायदा तर मला पटतोच : तार तुटो, वीज जावो, रिले बिघडो, सिग्नल लालच झाला पाहिजे. बिघाड झाला तरी माणूस मरता कामा नये. यंत्रात एवढी माणुसकी घातलीय. ती यंत्र चालवणाऱ्या व्यवस्थेत का नाही, हा माझा सवाल आहे.

२ जून २०२३. ओडिशातलं बहनागा बाजार स्टेशन. कोरोमंडल एक्स्प्रेसला सिग्नल मिळाला मेन लाइनचा, गाडी घुसली लूप लाइनवर आणि उभ्या मालगाडीवर आदळली. तिचे घसरलेले डबे शेजारून जाणाऱ्या यशवंतपूर-हावडा एक्स्प्रेसवर गेले. दोनशे नव्वदच्या वर माणसं मेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघालं काय? सिग्नलच्या वायरिंगमधली चूक २०१८ पासूनची. मे २०२२ मध्ये बांकरानयाबाज स्टेशनात चुकीच्या वायरिंगनेच गाडी भलत्या रुळावर गेली होती. तेव्हाच दखल घेतली असती तर बहनागा टळलं असतं, हेही त्याच अहवालात आहे.

म्हणजे धोका वर्षभर आधी बोंबलून गेला होता. पुढे सीबीआयने अटक केली दोन सेक्शन इंजिनियर आणि एका टेक्निशियनला. वरच्या साहेबांच्या बदल्या झाल्या. गुन्हा कुणाचा ते कोर्ट ठरवील. पण दोस्तहो, हा जिना नीट बघा : खालच्या पायरीला बेडी, वरच्या पायरीला बदली. असला जिना आपण जन्मापासून ओळखतो.

आता रुळावर उतरा. २०१२ साली अनिल काकोडकर समितीने लिहून ठेवलंय : २००७-०८ ते ऑक्टोबर २०११ या काळात सुमारे १६०० रेल्वे कामगार ड्यूटीवर मेले. गाड्यांच्या अपघातांत मेले त्याहून कमी, सुमारे हजार. डबा उलटला की मंत्री धावतो. कीमन कटला की पंचनामा होतो आणि पुढची गाडी सुटते.

२२ जानेवारी २०२४ ची रात्र. वसई रोड आणि नायगावच्या मध्ये बिघडलेला सिग्नल दुरुस्त करायला गेलेले तीन कर्मचारी लोकलखाली गेले. सिग्नल दुरुस्त करणाऱ्यालाच गाडी थांबत नाही! आणि आपण डब्यात लटकून शिव्या घालतो, 'च्यायला, आजपण लेट!' ती वेळेवर यावी म्हणून अंधारात कोण वाकलंय, ते कुणी विचारत नाही.

गँगमनला आता कागदावर ट्रॅक मेंटेनर म्हणतात. नाव इंग्रजीतच राहिलं, हातात पाना-हातोडा तोच. त्याच्या नजरेवर लाखो लोक बिनघोर झोपून प्रवास करतात. त्याचा जीव मात्र त्याच्या स्वतःच्या कानावर सोडलेला.

नियम करणारं, गाड्या पळवणारं आणि नियम पाळले का ते बघणारं, सगळं रेल्वे बोर्डच, असं त्याच समितीने बजावलं आणि स्वतंत्र सुरक्षा प्राधिकरण मागितलं. अकरा वर्षांनी बहनागा घडलं, तेव्हाही ते नव्हतं.

नुसता मोबदला देऊन गप्प करू नका. ज्या रुळावर माणूस काम करतोय तिथे ब्लॉक पाहिजे. वायरिंगला हात लागला की पूर्ण तपासणी झाल्याशिवाय गाडी सोडायची नाही. आणि 'थांबवा' म्हणायचा हक्क सगळ्यात खालच्या हेल्परलाही पाहिजे, नोकरीची भीती न बाळगता.

गाडी लेट होईल? होऊ दे. रुळावर माणूस आहे तोवर सिग्नल लालच!