परकायाप्रवेश, व्हाया स्क्रू-ड्रायव्हर

आमच्या पुणतांब्याचे चांगदेव योगबळावर चौदाशे वर्षं मृत्यूला चकवत राहिले, अशी आख्यायिका आहे. गोदाकाठी त्यांचं मंदिर आहे. त्यांनी शरीर आणि जीव दोन्ही टिकवले. कॉम्प्युटरला एवढं जमत नाही, पण डबा जुना ठेवून आत जीव नवा घालता येतो.

नमुना म्हणून ॲपलचा मॅकिंटॉश एसई घ्या. साल १९८७, प्रोसेसर ६८०००, स्पीड आठ मेगाहर्ट्झच्या आसपास, रॅम जास्तीत जास्त ४ एमबी. १९८९ ला एसई/३० आला: ६८०३० प्रोसेसर, १६ मेगाहर्ट्झ, रॅम १२८ एमबीपर्यंत. पण नऊ इंची स्क्रीन तीच आणि डबाही जवळजवळ तोच! त्यामुळे नवा लॉजिक बोर्ड जुन्या डब्यात सरळ बसतो. ॲपल स्वतःच हा अपग्रेड विकायची.

तरी काही शौकीन नाक मुरडतात. बाहेर एसई, आत एसई/३०, म्हणजे म्हणे डुप्लिकेट. अहो, आजीच्या शिलाई मशीनला मोटर बसवली तर ते मशीन खोटं होतं का? आत एक चिठ्ठी चिकटवा, कोणता बोर्ड कधी बसवला ते लिहा, झालं. मात्र दोन चालू मशीन फोडून एक करणं मला पटत नाही. एकाची पिक्चर ट्यूब गेली असेल, दुसऱ्याचा बोर्ड मेला असेल, तरच हात लावावा. (आणि ट्यूबमध्ये हाय व्होल्टेज राहतं, तेव्हा डिस्चार्ज केल्याशिवाय हात घालू नका. बोर्डावरची जुनी बॅटरी आधी काढा. ती गळली की तांब्याच्या लाइनी खाऊन टाकते.)

हे सगळं इथे का लिहितोय? कारण आपल्या लॅबमध्ये मदरबोर्ड गेला की अख्खा कॅबिनेट भंगारात जातो. एटीएक्स स्टँडर्ड १९९५ पासून आहे, स्क्रूची भोकं ठरलेल्या जागी असतात. पॉवर सप्लाय बदलावा लागेल, मागची पत्र्याची पट्टी बदलावी लागेल, एवढंच. हॉस्टेलमध्ये निम्म्या ज्युनियर्सकडे स्वतःचा पीसी नाही आणि टेम्पोत चांगले डबे किलोवर जातात, हे बघवत नाही.

लॅबच्या सरांना विनंती, पुढचा टेम्पो यायच्या आदल्या दिवशी आम्हाला फक्त दोन तास द्या. स्क्रू-ड्रायव्हर आमचे आम्ही आणू.